काळा पट्टा, हिरवा शिंपला आणि सोसायटीची भिंत : वाचकांचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की कोकणात जाऊन आलेल्यांचे प्रश्न येतात, यंदाही आले. त्यातले चार फिरून फिरून एकाच जिवाशी येऊन थांबतात, म्हणून एकत्र घेतेय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण बाकीची तीन त्याच्यावरच उभी आहेत, त्यामुळे उडी मारू नका.

प्रश्न (कोथरूडहून) : नमस्कार ताई. आम्ही ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वरला गेलो होतो. प्रदक्षिणेच्या वाटेने पायऱ्या उतरून खाली गेलं की कड्याच्या पायथ्याला काळा पट्टा दिसतो, सगळीकडे एकाच उंचीवर, पट्टी लावून ब्रश मारल्यासारखा. खाली पांढुरकं, मग काळं, त्याच्यावर नुसता खडक. मिस्टर म्हणाले जहाजाचं ऑइल आहे, माझा भाऊ म्हणतो शेवाळ. शेवाळ असेल तर ते पाण्यात हवं ना, पाण्याच्या वर काय करतंय? आणि इतकं सरळ रेषेत कसं?

उत्तर : भाऊ जिंकला, म्हणजे जवळजवळ. तो पट्टा जिवंत आहे आणि त्यातला बराचसा भाग सायनोबॅक्टेरियाचा असतो. शाळेत नीलहरित शैवाल म्हणून शिकवलं ते हेच, फक्त ती शैवालं नाहीत, बॅक्टेरिया आहेत, उन्हावर स्वतःचं अन्न स्वतः करणारे.

मिस्टरांनाही अगदी वेड्यात काढू नका हं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाला डांबराच्या गोळ्या वाहून येतात हे खरंच आहे, आणि ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली तेव्हा रायगडच्या किनाऱ्यापर्यंत तेल आलं होतं. पण फरक ओळखता येतो. तेल जिथे लाट आपटते तिथे थापलं जातं, एका फटीत ढीग आणि शेजारी काहीच नाही, बार्नेकलांवरही (खडकाला कायमचे चिकटलेले छोटे कवचवाले जीव) बसतं. कापसाला थोडं रॉकेल किंवा टर्पेंटाइन लावून घासलंत तर डांबर लगेच तपकिरी होऊन कापसावर येतं, जिवंत पट्ट्याचा रंग तसा सुटत नाही. त्यापेक्षा सोपं म्हणजे भिंग घेऊन जवळून बघा. दहापटीच्या भिंगातून कोरडा पट्टा खरखरीत, बारीक दाण्यादाण्यांचा दिसतो, त्यावर बाटलीतलं पाणी टाका आणि थोडा वेळ थांबा, तोच भाग फुगतो, मऊ होतो, बोटाला बुळबुळीत लागतो. डांबर असलं काही करत नाही.

आता मुख्य गोष्ट, पाण्याच्या वर का. त्यासाठी खडकाचा कुठला भाग किती वेळ ओला असतो हे आधी बघावं लागतं, आणि इथे आजी-आजोबांचा तिथीचा हिशेब कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला साधारण बाराच्या आगेमागे, दुपारी पण आणि रात्री पण. म्हणजे उधाणाच्या दिवसांत ऐन दुपारच्या उन्हात वरचा खडक भिजतो, निदान शिंतोडे तरी खातो. आणि अष्टमीच्या सुमाराला, ज्याला कोळी लोक भांग म्हणतात त्या दिवसांत, भरती सकाळ-संध्याकाळची आणि तीही अर्धवट चढणारी, दुपारी ओहोटी, त्यामुळे वरच्या खडकाला सलग काही दिवस पाणीच नाही, वर डोक्यावर ऊन. दर पंधरवड्याला हे असं. मधल्या खडकाला मात्र रोज दोनदा बुडी मिळते आणि अगदी खालचा खडक फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडा पडतो.

तो वरचा खडक म्हणजे राहायला भयंकर जागा आहे. काळा बेसाल्ट उन्हात इतका तापतो की हात लावून ठेवता येत नाही, हाँगकाँगच्या किनाऱ्यावर तर उन्हाळ्यात खडकाचं तापमान ५० अंशांच्या वर गेल्याचं मोजलंय. शिंतोड्यांचं पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट, आणि मग जूनमध्ये त्याच्यावर गोड्या पाण्याचा मुसळधार पाऊस. खऱ्या समुद्री शैवालांना हे झेपत नाही. सायनोबॅक्टेरियांना झेपतं.

कसं झेपतं ते जरा सांगते, कारण काळ्या रंगाचं उत्तर तिथेच आहे. सगळ्यात वर बहुतेक ग्लिओकॅप्सा, एन्टोफिसालिस असले गोल पेशींचे प्रकार असतात. दोन-चार पेशी एका चिकट आवरणात, असे अनेक पुंजके मिळून एका मोठ्या आवरणात. हे आवरण पाणी धरून ठेवतं, आणि सुकलं तरी पेशीचा चुरा होऊ देत नाही. पेशीच्या आत साखरा साठवलेल्या असतात, त्या सुकण्यापासून आतल्या यंत्रणेला सांभाळतात. आणि आवरणात सायटोनेमिन नावाचं पिवळट-तपकिरी रंगद्रव्य भरलेलं असतं, ते अल्ट्राव्हायोलेट किरण, त्यातही यूव्ही-ए, शोषून घेतं. फेरान गार्सिया-पिचेल आणि रिचर्ड कॅस्टनहोल्झ या संशोधकांनी १९९१ मध्ये त्याचं काम नीट दाखवून दिलं. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती अशी की हे रंगद्रव्य पेशी सुकून निपचित पडलेली असतानाही काम करत राहतं, त्याला पेशीकडून काही ऊर्जा लागत नाही, छत्री उघडी ठेवून झोपल्यासारखं आहे ते. थरावर थर साठले की पिवळं-तपकिरी मिळून लांबून काळं दिसतं. तुमचा काळा पट्टा तो हाच, उन्हाचा बंदोबस्त.

थोडं खाली, जिथे पाणी जरा जास्त वेळा येतं, तिथे कॅलोथ्रिक्स आणि रिव्ह्युलेरिया सापडतात. हे धागेवाले. कॅलोथ्रिक्सचा धागा बुडाशी जाड आणि टोकाला निमुळता होत केसासारखा होतो, आणि बुडाशी एक वेगळीच फिकट पेशी असते, तिला हेटेरोसिस्ट म्हणतात. त्या पेशीत ऑक्सिजन शिरू दिला जात नाही, कारण आत हवेतल्या नायट्रोजनचं खत बनवण्याचं काम चालू असतं आणि ऑक्सिजनने ते बिघडतं. नुसत्या शिंतोड्यांवर जगणाऱ्याला खत मिळणार कुठून, तर ते घरीच. रिव्ह्युलेरियात असे धागे मधून बाहेर सगळीकडे पसरतात आणि घट्ट जेलीची गडद हिरवी-काळी गोळी होते, फटींमध्ये नीट बघितलं तर डोळ्यांना दिसते, दाबली तर रबरासारखी लागते.

त्याच्या खाली तुमचा पांढुरका भाग, म्हणजे बार्नेकल, अनवाणी पाय कापणारे ते छोटे धारदार सुळके, आणि पुढे कालवं, मग हिरवी-लाल शैवालं. तिथे सायनोबॅक्टेरिया नाहीतच असं अजिबात नाही. दगडावरच्या पातळ बुळबुळीत थरात असतात, शैवालाच्या मुळाशी गुंतलेले असतात, शिंपल्यांच्या आतही असतात (तिसरा प्रश्न बघा), फक्त पट्टा म्हणून डोळ्यात भरत नाहीत. हाँगकाँगला तर किर्टुथ्रिक्स नावाच्या एका सायनोबॅक्टेरियाचा वेगळा गडद पट्टा मधल्या उंचीवर दिसतो, त्यामुळे 'सायनोबॅक्टेरिया म्हणजे फक्त वर' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मग खाली पाणी भरपूर असताना पट्टा खाली का उतरत नाही? कारण खाली पाणी भरपूर तशी खाणारी तोंडंही भरपूर. लिंपेट (खडकाला घट्ट चिकटणाऱ्या, टोपीसारख्या शिंपल्याच्या गोगलगाई) आणि इतर छोट्या गोगलगाई खडक अक्षरशः खरवडून काढतात, आणि जी जागा उरते ती बार्नेकल आणि जोरात वाढणारी शैवालं बळकावतात. वरची हद्द ऊन आणि कोरडेपणा ठरवतात, खालची हद्द शेजारी ठरवतात. हे किती खरं आहे ते योगायोगाने तेलामुळेच जगाला दिसलं. मार्च १९६७ मध्ये टॉरी कॅन्यन हा टँकर इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ खडकावर चढला, किनाऱ्यावर आलेलं तेल काढायला प्रचंड प्रमाणात डिटर्जंट फवारलं, त्याने लिंपेट मेले, आणि काही महिन्यांत ते खडक काळे नाही तर हिरवेगार झाले, खाणारं कुणी उरलंच नव्हतं ना. म्हणजे मिस्टरांना सांगा, तेलाने आणि त्याहून जास्त तेलाच्या साफसफाईने खडकाचा रंग बदलतो खरा, पण तो असा.

काळ्या पट्ट्यातही खाणारे आहेत, पण त्यांचे हाल तिथे राहणाऱ्यांसारखेच. मुगाच्या दाण्याएवढ्या करड्या गोगलगाई दिसल्या असतील, फटीत ओळीने बसलेल्या. खडक ओला असतो तेवढ्या वेळात त्या चरून घेतात. खडक तापला की पाय शिंपल्यात ओढून घेतात, झाकण लावतात आणि वाळलेल्या चिकट स्रावाच्या बारीकशा टेकूवर खडकाला नुसत्या लटकून राहतात, म्हणजे तापलेल्या दगडाला अंग कमीत कमी लागावं. बोटाने हळूच ढकललं तरी पडतात. ढकलू नका पण.

हा सगळा क्रम फक्त हरिहरेश्वरचा नाही. जीवशास्त्रज्ञ टी. ए. स्टीफन्सन आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅन यांनी दक्षिण आफ्रिकेपासून सुरुवात करून कुठले कुठले खडकाळ किनारे पालथे घातले आणि १९४९ मध्ये मांडलं की वर छोट्या गोगलगाईंचा काळसर पट्टा, मध्ये बार्नेकलांचा, खाली मोठ्या शैवालांचा किंवा प्रवाळांचा, ही मांडणी जगात जवळजवळ सगळीकडे सापडते. थंड देशांत त्या काळ्यात लायकेनचा, म्हणजे दगडफुलासारख्या जिवांचा, वाटा मोठा असतो, गरम देशांत सायनोबॅक्टेरियांचा.

राहता राहिली सरळ रेषा. ती सरळ नाहीये, तुम्ही एकाच बाजूने बघितली म्हणून तशी वाटली. जिथे कडा थेट समुद्राच्या तोंडावर आहे तिथे लाटा उंच उडतात, तिथे पट्टा रुंद होतो आणि वर चढतो. खाडीत, जिथे पाणी गपचूप चढतं-उतरतं, तिथे तोच पट्टा खाली येऊन अरुंद होतो. सावलीच्या भेगेत वर सरकतो, दिवसभर ऊन खाणाऱ्या सपाट दगडावर खाली. शिवाय भरती किती चढते त्यावरही आहेच, मुंबईला उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं, दक्षिणेकडे ते कमी कमी होत गोव्याला दोन मीटरच्या आसपास राहतं, त्यामुळे पट्ट्यांची उंची एका गावाची दुसऱ्या गावाला लावता येत नाही. पुढच्या वेळी श्रीवर्धनकडे जाताना खाडीच्या बाजूचे दगड बघा आणि मग समुद्राच्या तोंडावरचे, फरक कळेल.

प्रश्न (सिंहगड रोडहून) : मुलांना घेऊन खडकावर जायचं तर काळ्यावर पाय द्यावा की हिरव्यावर? तिथले लोक म्हणाले काळ्यावर नको, पण आम्ही चाललो तर काहीच घसरलं नाही.

उत्तर : तुम्ही कोरड्यावर चाललात म्हणून. कोरडा काळा पट्टा खरखरीत असतो, पकड चांगली मिळते. पण वर लिहिलंय ते चिकट आवरण पाणी प्यायलं की फुगतं, आणि मग ओला काळा पट्टा म्हणजे हिरव्यापेक्षा वाईट, कारण हिरवा बघून माणूस सावध होतो, ओला काळा दगड नुसता ओला दगड वाटतो. तिथल्या लोकांनी सांगितलं ते बरोबरच आहे. हिरव्यावर कधीच नाही, पांढऱ्या बार्नेकलांवर पकड मिळते पण चप्पल हवी, पडलात तर गुडघा सोलून निघतो.

त्याहून महत्त्वाचं एक. काळ्या पट्ट्याची वरची कड म्हणजे पाणी, निदान शिंतोडे, नेहमी कुठपर्यंत येतात त्याची खूण आहे. फोटो काढायला बसायचं, बॅगा ठेवायच्या तर त्या कडेच्या बऱ्याच वर. पावसाळ्यात मोठ्या लाटा त्याच्याही वर जातात, तेव्हा खाली उतरूच नका. आणि पुण्याहून सकाळी निघून बाराला पोहोचणाऱ्यांसाठी, पौर्णिमा-अमावास्येला गेलात तर बाराला ऐन भरती असते, प्रदक्षिणेची वाट पाण्याखाली. त्या दिवसांत ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. निघण्याआधी कॅलेंडर बघा आणि पोहोचल्यावर तिथे विचारा, दोन्ही करा.

प्रश्न (औंधहून, आठवीतला वाचक) : मी कालवांचे शिंपले गोळा केले. काहींवर हिरवे डाग आहेत. ब्रशने, साबणाने, सगळ्याने घासलं तरी जात नाहीत. बुरशी आहे का?

उत्तर : बुरशी नाही आणि डाग वर नाहीत, म्हणून जात नाहीत. ते शिंपल्याच्या आत आहेत. काही सायनोबॅक्टेरिया शिंपल्यात बोगदे पोखरून राहतात, हायेला, मॅस्टिगोकोलियस अशी त्यांची नावं. आत ऊन कमी लागतं, लवकर सुकायला होत नाही आणि वरून खरवडणाऱ्या गोगलगाईच्या तोंडी पटकन लागत नाही. फक्त प्रकाश पोहोचेल इतपतच आत जातात, साधारण वरच्या मिलिमीटरभरात.

यात एक गंमत आहे बघ. प्रकाशावर अन्न करताना आजूबाजूचं पाणी अल्कधर्मी होतं, आणि त्यात शिंपल्याचा पदार्थ, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, विरघळायला नको, उलट जमायला हवा. मग हे पोखरतात कसे? हे कोडं बरीच वर्षं होतं. २०१० मध्ये गार्सिया-पिचेल (वरचेच ते) आणि सहकाऱ्यांनी मॅस्टिगोकोलियसवर काम करून दाखवलं की धागा पोखरणाऱ्या टोकाकडून कॅल्शियम आत ओढून घेतो, पेशीतून पेशीत नेतो आणि मागे बाहेर टाकून देतो. टोकापाशी कॅल्शियम कमी झालं की शिंपला तिथे विरघळतो.

तुला बघायचं असेल तर शिंपल्याचा डाग असलेला छोटा तुकडा काचेच्या ग्लासात पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाकून ठेव. फसफसेल, शिंपला हळूहळू विरघळेल, व्हिनेगर मंद पडलं की बदल. दोनेक दिवसांत शेवटी एक मऊ, हिरवट-तपकिरी पापुद्रा उरेल (अ‍ॅसिडने हिरवा रंग जरा मळतो). तो शाळेच्या मायक्रोस्कोपखाली धर, धागे दिसतील. ग्लास आईला विचारून, नंतर टाकून देता येईल असा घे, स्वयंपाकघरातला उचलू नकोस.

आपल्या बेसाल्टमध्ये यांना असं पोखरता येत नाही, तो कॅल्शियम कार्बोनेटचा नाही ना, म्हणून आपल्याकडे ते शिंपले आणि बार्नेकल शोधतात. क्रोएशियासारख्या चुनखडीच्या किनाऱ्यावर मात्र सगळा खडकच त्यांच्या मालकीचा असतो, आणि तिथे उंचीप्रमाणे करडा, काळा, तपकिरी, पिवळट असे रंगांचे पट्टे दिसतात. वर पृष्ठभागावर राहणारे, खाली पोखरणारे, उंची बदलली की प्रजाती बदलते आणि तसा रंग बदलतो.

प्रश्न (सदाशिव पेठेतून) : आमच्या सोसायटीच्या भिंतीवर गच्चीपासून खाली काळे ओघळ आहेत. पेंटर बुरशी म्हणतो आणि महागडा रंग सुचवतो. हे तुमचे सायनोबॅक्टेरियाच का? थोडक्यात सांगा.

उत्तर : बहुतेक तेच, बुरशी मिसळलेली असू शकते. समुद्राच्या प्रजाती नव्हेत, गोड्या पाण्यावरच्या, पण नातेवाईक. ग्लिओकॅप्सा, सायटोनेमा वगैरे. आणि काळे त्याच कारणाने.

किनाऱ्यावर भरती ठरवते ते इथे पाण्याची वाट ठरवते, म्हणून आडवा पट्टा न होता उभे ओघळ होतात. कुठून सुरू होतात ते बघा. कठड्याचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता असेल, एसीचा पाइप भिंतीवर गळत असेल, छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल, तर ओघळ बरोबर त्याच्या खालीच सापडतील आणि मधली भिंत कोरी. नुसता रंग दिलात तर पेंटरचा अँटीफंगल रंग एक-दोन पावसाळे टिकेल आणि ओघळ पुन्हा त्याच जागी येतील. आधी कठड्याचा उतार गच्चीच्या बाजूला करून घ्या, पाइप लांब काढा, मग भिंत घासून धुऊन सुकू द्या आणि त्यानंतर हवा तो रंग लावा, महागडाच पाहिजे असं काही नाही.